नक्षीची फाईल फार लहान आहे

कादरभाई,

तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. भाभींनी काल विचारलं, ऑफिस पुन्हा कधी उघडणार? मी म्हटलं, उघडलंय की. ते खोटं नाही. मी रोज दहाच्या सुमारास गुलमंडीत येते, खालच्या कापड दुकानातून किल्ली घेते, जिना चढते, तुमच्या टेबलावरून फडकं फिरवते आणि माझ्या खुर्चीत बसते. पुढे काम मात्र काही होत नाही.

लोक भेटायला येतात. फार शांत माणूस होता, असं प्रत्येक जण म्हणतो आणि मी मान हलवते. शांत! अकरा वर्षं मी भांडले ती मग कुणाशी, भिंतीशी? आवाज चढवायचा नाही आणि आपलं म्हणणं तसूभरही सोडायचं नाही, ही तुमची भांडायची पद्धत होती. मी कन्नड तालुक्याची, माझा आवाज पहिल्या वाक्यालाच वर जायचा. मग तुम्ही खालच्या चहावाल्याला हाक मारायचात, दोन कप यायचे आणि भांडण तिथंच अर्धवट राहायचं. अशी किती भांडणं अर्धवट राहिली असतील ते आता मोजायचंही मनात येत नाही. त्यातलं एकच इथं लिहिते, कारण त्या एकानं सगळं घेतलं.

मी तुमच्याकडे कामाला लागले त्या आठवड्यातलं ते भांडण. तुम्ही लिहिलेला प्रोग्रॅम मी पहिल्यांदा चालवला. डेटाबेसची फाईल कुठं आहे तो पाथ, म्हणजे मशीनच्या आतला पत्ता, मी चुकीचा टाकला होता. मला वाटलं आता लाल अक्षरांत शिव्या येतील. काहीच आलं नाही. प्रोग्रॅमनं मुकाट त्या चुकीच्या पत्त्यावर नवं फोल्डर केलं, त्यात नवी कोरी फाईल केली आणि सगळं ठीक असल्यासारखा उघडला. मी म्हटलं, भाई, हे बरोबर नाही, फाईल सापडली नाही तर मशीननं ओरडायला पाहिजे. तुम्ही हसलात.

"अगं, मशीन ओरडली की माणूस घाबरतो, अन् घाबरला की आणखी चुका करतो. डराने का नहीं किसी को."

माझं म्हणणं होतं की ज्याला घाबरायला हवं त्याला घाबरवलंच पाहिजे. चहा आला. प्रोग्रॅम तसाच राहिला.

त्या प्रोग्रॅमनं आपण पुढे कितीतरी लोकांची कामं केली, पण तो तुम्ही मुळात लिहिला होता नक्षीसाठी. तुमचे अब्बा हिमरूचे विणकर. मागावर उभं सूत, त्यावर रेशमाची फुलं, आणि ती फुलं कशी उतरवायची याचा हिशेब अब्बांच्या तोंडात. कागदावर चौकोन भरलेले असायचे, पण अर्धे कागद वाळवीनं खाल्लेले. म्हणून तुम्ही रविवारी फोन घेऊन त्यांच्यासमोर बसायचात आणि ते एकेक ओळ म्हणून दाखवायचे: "दो लाल, एक छोड, तीन हरे, एक छोड." मध्येच खोकला, मध्येच चहाचा घोट, एका रेकॉर्डिंगमध्ये शेजारची शेळी. मी म्हटलं, शेळी कापून टाकू या का? तुम्ही म्हणालात, राहू दे, ती पण मोहल्ल्यातलीच आहे. मग अब्बांच्या ओळखीचे विणकर, मग त्यांच्या ओळखीचे. चारशेच्या वर नक्ष्या झाल्या. प्रत्येकीचा फोटो, धाग्यांचा क्रम आणि तो म्हणणारा आवाज. फोनमध्ये जागा करायची म्हणून फाईल सर्व्हरवर चढली की फोनमधली आपण पुसून टाकायचो. अब्बा गेले, त्यांच्या मागोमाग बाकीचेही एकेक करून गेले. आपण आपसांत म्हणायचो, बरं झालं, वेळेत करून ठेवलं.

सगळं एका छपराखाली ठेवायचं नाही, हाही तुमचाच हट्ट. म्हणून पैठणला तुमच्या मेहुण्यांच्या घरी, फडताळात, दुसरं मशीन. रोज सकाळी सहाला ते मशीन इथल्या सर्व्हरला जोडून घ्यायचं, आपल्याच प्रोग्रॅमला सांगून नक्षीच्या फाईलची प्रत काढून न्यायचं आणि सव्वासहाला ऑफिसच्या मेलवर कळवायचं: बॅकअप झाला. चाळीस दिवसांच्या प्रती ठेवायच्या, त्याआधीच्या आपोआप पुसायच्या. तो मेल तुम्ही रोज सकाळी पाहायचात. मी त्या मेलकडे कधी फिरकले नाही, ते तुमचं खातं होतं.

आणि एक रीत होती तुमची. स्क्रिप्टमधली, म्हणजे मशीनला लिहून दिलेल्या सूचनांमधली, कुठलीही ओळ बदलायची तर जुनी पुसायची नाही. तिच्यापुढे खूण टाकायची, म्हणजे मशीन ती वाचत नाही, आणि शेजारी तारीख, नाव, कारण लिहायचं. कारण लिहिलं नसलं तर तुम्ही काम परत करायला लावायचात. मी वैतागून एकदा कारणात "भाईंचा हट्ट" असं लिहिलं होतं. तेही तुम्ही तसंच ठेवलंत.

ती रीत मी एकदाच मोडली.

शहराचं नाव बदललं त्यानंतरची गोष्ट. नक्ष्यांसाठी एका संस्थेकडे अर्ज पाठवायचा होता आणि त्यांना सगळीकडे नवं नाव हवं होतं. लेटरहेड, शिक्का, प्रोग्रॅमचं पहिलं पान, सगळं बदलायचं होतं. त्या दुपारी तुम्ही डॉक्टरकडे गेला होतात. मी एका बैठकीत सगळीकडे जुनं नाव काढून नवं टाकलं, आणि त्याच झपाट्यात सर्व्हरवरच्या फोल्डरचंही नाव बदललं. इथल्या सेटिंगमध्ये नवा पत्ता टाकला. प्रोग्रॅम उघडून पाहिला, नक्ष्या दिसल्या, मी हात झटकले. पैठणच्या स्क्रिप्टमध्ये जुनाच पत्ता आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुम्हाला नुसतं सांगितलं असतं की फोल्डर बदललं, तर तुमचं पहिलं वाक्य तेच असतं: पैठण?

पण मी सांगितलं नाही. का, ते आज लिहिते. त्या दिवसांत गावात नावावरून जो तो काहीतरी बोलत होता. तुमच्या मोहल्ल्यात काय बोलतात, तुम्हाला स्वतःला काय वाटतं, हे मी कधी विचारलं नव्हतं. मला वाटलं, तुमच्यासमोर बसून ते नाव खोडणं बरं दिसणार नाही. तुम्हाला वाईट वाटेल, आणि वाटलं तरी तुम्ही बोलणार नाही. म्हणून तुम्ही नसताना उरकून टाकलं. कुठं नोंद नाही, जुन्या ओळीवर खूण नाही, कारण नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही नवं लेटरहेड हातात घेतलंत, उजेडाकडे धरून छपाई पाहिलीत, म्हणालात, शाई छान लागली. बस. मीही सुटल्यासारखी झाले.

तेव्हापासून पैठणचं मशीन रोज सकाळी जुन्या पत्त्यावर जायचं. तिथं काही नाही म्हटल्यावर तुमचा प्रोग्रॅम न ओरडता, कुणाला न घाबरवता, तिथं नवं फोल्डर आणि नवी कोरी फाईल करून द्यायचा. मशीन ती घेऊन जायचं आणि मेल यायचा, बॅकअप झाला. तुम्ही तो वाचायचात. चाळीस दिवसांत खऱ्या प्रती एकेक करून पुसल्या गेल्या. आपण दोघं एकाच खोलीत बसलेलो होतो, भाई, सहा हातांवर.

तुम्ही अंथरुणाला खिळलात त्याच्या दुसऱ्या महिन्यात इथल्या सर्व्हरची हार्डडिस्क गेली. आतून टक टक असा आवाज आला आणि थांबला. मी घाबरले नाही, हे सांगते म्हणजे तुम्हाला हसू येईल. नवी डिस्क टाकली, प्रोग्रॅम चढवला, पर्समध्ये एक रिकामी डिस्क घेतली आणि एसटीनं पैठणला गेले. आवाजांच्या एवढ्या मोठ्या फायली नेटवरून ओढत बसण्यापेक्षा जाऊन घेऊन येऊ, म्हटलं. तुमच्या मेहुण्यांनी फडताळ उघडून दिलं, आतून शेवयांची खीर आली. मी मशीनला कीबोर्ड जोडला आणि यादी काढली. चाळीस फायली. प्रत्येकीचा आकार बारा केबी.

अब्बांचं एक खोकणंही बारा केबीत बसत नाही.

आधी वाटलं यादीच चुकीची आहे. फाईल उघडली. कोष्टकं सगळी जागच्या जागी. नक्षीचं नाव, विणकराचं नाव, धागे, आवाज. खाली काही नाही. दुसरी उघडली, दहावी उघडली, चाळिसावी उघडली. मग तुम्ही शिकवलंत तसं एकेक बघत गेले. डिस्क भरली का? नाही. परवानगी गेली का? नाही. जोडणी तुटली का? एकदाही नाही, रोज सहाला बिनचूक. शेवटी स्क्रिप्ट वाचली आणि सातव्या ओळीत गावाचं जुनं नाव दिसलं. मेहुणे विचारत होते, सगळं ठीक ना? खीर थंड होत होती. मी म्हटलं, ठीक आहे, आणि ती संपवली.

बिघडलेली डिस्क पुण्याला एकांकडे पाठवली. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला की आतली चकती खरवडली गेली आहे, काही निघणार नाही. मी त्यांना दुसऱ्यांदा विचारलं. त्यांनी दुसऱ्यांदा तेच सांगितलं.

आणि मग मी रोशन गेटला तुमच्याकडे आले. सर्व्हर बंद पडल्याचं तुम्हाला कुणीतरी सांगितलेलंच होतं. उशीला टेकून बसला होतात, मनगटं इतकी बारीक झालेली की घड्याळ कोपराकडे घसरत होतं. भाभी पाणी आणायला आत गेल्या.

"पैठणला आहे ना सगळं?"

"आहे, भाई. सगळं आहे."

तुम्ही डोळे मिटलेत. तुमच्या तोंडावर जे समाधान आलं ते पाहून मला वाटलं, बरं केलं. पुढच्या वेळी तुम्ही म्हणालात, अब्बांची ती बदामी बूटीवाली नक्षी ऐकव ना एकदा, शेळीवाली. मी म्हटलं, फाईल लई मोठी आहे, उतरवायला वेळ लागतोय. त्याच्या पुढच्या वेळी म्हटलं, नेट नाय चांगलं. त्याच्याही पुढच्या वेळी काय म्हटलं ते मला आठवत नाही. एवढं खोटं बोलायची सवय मला नव्हती, तुमच्याजवळ तर नाहीच. मग एका सोमवारपासून तुम्ही विचारणंच सोडलंत. मी मनात देवाचे आभार मानले. तुम्ही माझ्या आईची चौकशी केलीत, कन्नडच्या बाजारात यंदा मेथी कशी आहे ते विचारलंत. शेवटच्या भेटीत म्हणालात, "तू लई धावपळ करतीस. आता बस कर." मला वाटलं, माझ्या येण्याजाण्याबद्दल बोलताय.

तुम्ही गेल्यावर पाचव्या दिवशी मी तुमच्या खात्यातला तो ऑफिसचा मेल उघडला, गिऱ्हाइकांना कळवायला. सगळ्यांत वर रोजचा सव्वासहाचा मेल. "बॅकअप झाला" नव्हतं त्यात. लिहिलं होतं: "नक्षीची फाईल फार लहान आहे. आत काही नाही. वैशाली, तपास."

मी खाली खाली गेले. रोज एक. पहिला मेल आला होता तुमच्या जाण्याआधी नऊ दिवस, सोमवारी. पहिले सात मेल उघडून वाचलेले होते, त्यापुढचे न वाचलेले. वाचणारं दुसरं कोण असणार?

फोनवरून पैठणच्या मशीनमध्ये कसं शिरायचं हे तुम्हाला मीच शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पैठणला गेले. स्क्रिप्टची सातवी ओळ तुमच्या रीतीनं बदललेली होती. जुनी ओळ तशीच, पुढे खूण. खाली नवा पत्ता, एकही अक्षर न चुकता, नव्या नावासकट. त्याखाली तुम्ही घातलेल्या चार नव्या ओळी: फाईल ठरलेल्या आकारापेक्षा लहान असेल तर मेल पाठव, रोज पाठव, मोठी होईपर्यंत पाठवत राहा. आणि कडेला तारीख, तुमचं नाव, कारण. कारणात लिहिलं होतं: "गावाचं नाव बदललं. वैशालीनं मला सांगितलं नाही. मीही तिला विचारलं नाही."

म्हणजे तुम्ही पाहिलं होतं. फोल्डरचं नाव तुम्ही त्याच दिवशी पाहिलं असणार. आणि पैठणचंही मी बदललं असेल असं धरून विचारलं नाहीत, कारण तुम्हाला वाटलं मला अवघडल्यासारखं होईल. मी तुम्हाला जपत होते आणि तुम्ही मला, आणि अब्बांना जपायचं दोघांकडूनही राहून गेलं.

मला राग आला, भाई. पैठणच्या स्टँडवर मी दोन गाड्या सोडल्या, एवढा राग आला. तुम्ही ते सात मेल वाचलेत, आणि मी समोर बसलेली असताना मला मेथीचं विचारत राहिलात. मला धरून शिव्या दिल्या असत्यात तर मी पाय धरले असते. तीही संधी दिली नाहीत. "दोघांची चूक" अशी वाटणी करून ठेवलीत. मला नकोय ती वाटणी. ओळ मी बदलली, नोंद मी केली नाही, खोटं मी बोलले. तुमची चूक एवढीच की तुम्हाला कुणाला घाबरवायचं नव्हतं.

आणि त्या चार ओळी! मशीननं ओरडायला पाहिजे, हे माझं म्हणणं. अकरा वर्षं तुम्ही ते मानलं नाहीत. मानलंत ते एवढ्या उशिरा, एवढ्या अशक्त बोटांनी, फोनच्या एवढ्याशा पडद्यावर, आणि मला सांगितलंतही नाहीत. हे भांडण मी जिंकले, आणि कुणाला सांगू?

आता पैठणचा बॅकअप अगदी बरोबर चालतो. पत्ता बरोबर, वेळ बरोबर. नव्या डिस्कवरची कोरी फाईल रोज सकाळी बिनचूक तिकडे जाते. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही उरलेलं नाही.

परवा भाभींना सगळं सांगितलं. आत जाऊन त्यांनी अब्बांनी विणलेला एक रुमाल आणला, तुमच्या दोघांच्या लग्नातला. म्हणाल्या, "यातून मोज. बदामी बूटीच आहे." मी तो ऑफिसात आणला, खिडकीशी बसून भिंग लावून धागे मोजायला घेतले. दो लाल, एक छोड. लाल आता तपकिरी झालाय, हिरवा कुठला ते कळत नाही. मध्ये कसर लागलेली आहे. पहिली ओळ कशीबशी लावली, दुसरी अर्धी लागली, तिसरीत भोक होतं. ती दीड ओळ मी फाईलमध्ये भरली. नाव लिहिलं, बदामी बूटी. विणकराच्या खाली अब्बांचं नाव लिहिलं. आवाजाचा रकाना रिकामा ठेवला.

भाभींना रुमाल परत देताना म्हटलं, होईल हळूहळू. होणार नाही, हे त्यांनाही माहीत आहे. त्याही मान हलवून राहिल्या. आपल्या सगळ्यांना हे एकच काम नीट जमतं.

आज सकाळी सव्वासहाला मेल आला. नक्षीची फाईल फार लहान आहे, आत काही नाही, वैशाली, तपास. मी उठून बसले आणि खरोखर तपासलं. दीड ओळ आहे, भाई. एवढंच आहे.